ताटावरचा हात

जेवताना मला "पुरे" म्हणता येत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि पाहुण्यांच्या घरांत तर जरा जास्तच. आमच्याकडे कुणाच्या घरी जेवायला बसलं की वाढणाऱ्याला थांबवायची एकच मान्य रीत आहे. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, अंग मागं घ्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बास! पुरे!" नुसतं "नको" कुणी मोजत नाही. ते तोंडदेखलं असतं. मी ते एकदाच आणि हळू म्हणते, म्हणजे माझ्या बाबतीत ते "वाढा" असंच धरलं जातं. लहानपणापासून मी तिसरी भाकरी खात आले आहे.

अशा मला आत्यानं एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिच्या शेवटच्या दिवसांचा निर्णय घ्यायला नेमलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, कळंब्याच्या रस्त्याला स्वतःच्या छोट्या घरात एकटी राहते. बाबा आणि काका तिला अक्का म्हणतात आणि अजूनही तिच्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. तिच्या बोलण्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही स्वतःबद्दल "गेलो, आलो" असंच बोलते. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मी पुस्तकातल्यासारखी "गेले, आले" म्हणते, आणि ती मला "इंग्लिश मीडियम" म्हणते. माझं नाव तिला आठवतं, पण वापरत नाही.

झालं असं होतं की तिच्या शाळेतली एक जुनी मैत्रीण बरेच आठवडे अतिदक्षता विभागात होती. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी आता काही होणार नाही असं सांगितलं होतं, पण घरचे "अजून दोन दिवस बघू" म्हणत राहिले. दोन दिवसांनी आणखी दोन. आत्या तिला भेटून आली आणि माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आग्रह चाललाय नुसता. एक सुई घ्या, एक नळी घ्या, अजून एक घ्या की. आणि बाईचे दोन्ही हात पट्टीनं बांधलेले. ताटावर हात ठेवणार कशी?"

त्यानंतरच्या रविवारी तिनं जाहीर केलं.

"मी आजारी पडलो, शुद्धीत न्हाय, डॉक्टर म्हणाले आता उपेग न्हाय, तर मशीन काढा म्हणून सांगणार कोण? ही." आणि भाकरीचा तुकडा धरलेला हात माझ्याकडे केला.

काका शिरोळकडून आलेला होता. तो उसाची शेती करतो आणि शेतातल्या आवाजातच घरात बोलतो. त्याला ठसका लागला. "ही? अक्का, ही रिक्षावाल्याला थांब म्हणत न्हाय! परवा घर सोडून पुढच्या चौकापर्यंत गेली आणि चालत मागं आली. विचार हिला."

विचारायची गरज नव्हती. ते खरं होतं.

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "ही बोलायच्या आधी इचार करती. तू बोलून झाल्यावर पण करत न्हाईस."

काका दुखावला. धाकटा भाऊ जिवंत असताना पुतणी कशी, असं तो बाबांच्या कानात म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा माझ्यासारखेच आहेत. त्यांनी वरणाकडे बघितलं.

तेवढ्यात काकीनं माझ्या ताटात रस्सा ओतला. मी "नको" म्हणाले. आत्यानं कपाळाला हात लावला.

मी एका कंपनीसाठी घरी बसून कागदपत्रं तपासते. करारांमधली कलमं वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून नियम शोधायची जबाबदारीही माझ्यावर आली. नियम आहेत, हेच मला आधी माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की शहाण्या, सज्ञान माणसाला असा कागद आधीच करून ठेवता येतो. आपण बोलू शकत नसू आणि बरं होण्याची आशा उरली नसेल, तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे त्यात लिहायचं. दोन साक्षीदार लागतात. नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही लागते. आधी हे फार किचकट होतं, नंतर न्यायालयानंच ते सोपं केलं. मी हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे न्यायालयाला पण पहिल्यांदा जमलं न्हाय. लिही तू, मी तपासतो."

मी मसुदा मराठीत केला. तिनं लाल पेन काढलं. "माझ्या शरीरात कृत्रिम मार्गाने अन्न व जल प्रविष्ट करण्यात येऊ नये" या वाक्याखाली दोन रेघा आल्या.

"प्रविष्ट? मी काय देऊळ हाय? नळीनं अन्नपाणी देऊ नये, असं लिही की."

शेवटी दहापैकी साडेचार गुण मिळाले. एक वाक्य तर तिनं सरळ खोडलं होतं. "मी बरी होण्याची वाजवी आशा नाही, असे डॉक्टरांनी ठरवल्यासच हा कागद लागू व्हावा." समासात लिहिलं होतं: लांबड. अनावश्यक.

"मशीन नको म्हणजे नको," ती म्हणाली. "त्यात अटी कशाला?"

मी म्हणाले, "पण तेच तर मुख्य आहे." बहुतेक मनातच म्हणाले, कारण ती पुढच्या ओळीकडे गेली होती. घरी येऊन मी सगळ्या दुरुस्त्या केल्या. "प्रविष्ट" काढलं, "जल"चं पाणी केलं. ते वाक्य मात्र परत होतं तिथं घातलं आणि काही बोलले नाही. आवाज न करता हट्ट करायची माझी ही जुनी पद्धत आहे.

साक्षीदार म्हणून शेजारच्या निवृत्त बँकवाल्या बाई आणि रोज दूध घालणारे मामा आले. मामांनी सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत. मग विचारलं, "बाई, असा कागद म्हशीचा करता येतोय का? आमच्या म्हातारीला डॉक्टर लई सुया टोचायलाय."

"म्हशीला सही येती काय?"

"अंगठा तरी कुठला," मामा विचारात पडून म्हणाले आणि स्वतःची सही केली.

नोटरीकडचा लेखनिक ते मृत्युपत्रच समजला. कागद उलटसुलट करत म्हणाला, "मिळकतीचं वर्णन राहिलंय की यात."

"मिळकत ही काय समोर उभी हाय," आत्या म्हणाली. "चतुःसीमा लिहून घ्या."

तो माणूस अजून मला रस्त्यात दिसला की हसतो. एक प्रत नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे गेली, एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक माझ्या कपाटात. काकानं रुसलेल्या चेहऱ्यानं एक झेरॉक्स मागून घेतली. ती त्यानं प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आणि ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. वाचली मात्र नाही. "अक्कानं लिवलंय म्हणजे बरोबरच असणार."

मग माझं शिक्षण सुरू झालं. आत्या मला दर रविवारी कुणाकडे ना कुणाकडे जेवायला न्यायची आणि समोर बसून लक्ष ठेवायची. मी हळू खायचे, म्हणजे ताट भरलेलं दिसतं. भाताखाली भाकरी लपवायचे. वाढणारी बाई जवळ आली की नेमकं पाणी प्यायला लागायचे.

"या युक्त्या हायत," ती परतताना म्हणायची. "डॉक्टर आला की पाणी पीत बसणार काय? तोंडानं बोलायचं. पुरे. दोन अक्षरं. तुझ्या इंग्रजी शाळेत शिकवली न्हाईत काय?"

पावसाळ्याअखेर मी एका घरी दोन्ही हात ताटावर आणले होते. यजमानीणबाईंनी ते प्रेमानं बाजूला केले आणि श्रीखंड वाढलं. आत्यानं त्या दिवशी गुणच दिले नाहीत.

त्याच पावसात ती चंदगडला एका लग्नाला गेली आणि भिजून आली. भिजल्यानं न्यूमोनिया होत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. काकाला ते आजही पटलेलं नाही. चार दिवस ताप होता, ती "साधा हाय" म्हणत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी मी गेले तर ती पलंगावर बसून श्वास ओढत होती आणि मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारत होती.

दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत तिची शुद्ध जवळपास गेली होती. डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "ऑक्सिजन नुसत्या मास्कनं पुरत नाही. व्हेंटिलेटर लावावा लागेल. काही दिवस."

काका शिरोळहून तासाभरात पोचला होता. पायात शेतातल्याच चपला होत्या. त्यानं खिशातून तो प्लास्टिकमधला कागद काढून दोन्ही हातांनी डॉक्टरांच्या समोर धरला.

"मशीन न्हाय लावायचं. बहिणीनं लिवून दिलंय. कोर्टाचा नियम हाय." त्याचा नेहमीचा मोठा आवाज होता, पण मध्येच फाटला. "आयुष्यभर तिचं एक ऐकलं न्हाय, मॅडम. हे तरी ऐकू द्या."

मी काकाला रडताना कधी बघितलं नव्हतं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली. "यात निर्णयासाठी नाव कुणाचं आहे? तुमचं?"

"न्हाय. हिचं."

सगळे माझ्याकडे वळले. बाकावर बसलेले दुसऱ्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा.

इतके महिने मी एका शब्दाची तयारी केली होती, आणि आता बोलायचं होतं ते त्याच्या बरोबर उलट. मी विचारलं, "त्या बऱ्या होण्याची आशा आहे का?"

"जरा मोठ्यानं?"

मी परत विचारलं.

"आहे. चांगली आहे. फुप्फुसाला थोडा वेळ मिळायला हवा आणि औषध लागू पडायला हवं. खात्री मात्र देता येत नाही."

मी काकाच्या हातातल्या कागदावर बोट ठेवून ते वाक्य वाचलं. ते लांबड, अनावश्यक वाक्य. मग म्हणाले, "म्हणजे हा कागद अजून लागू होत नाही. मशीन लावा."

"अगं, पण अक्का म्हणाली होती, मशीन नको म्हणजे नको! मला पण म्हणाली! तिचा शब्द..."

"काका, पुरे."

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण खालून वर येणारा एक माणूस थांबला. माझे दोन्ही हात आडवे, त्या प्लास्टिकवर पसरलेले होते. काकानं हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कागद खाली घेतला. डॉक्टर आत गेल्या.

त्यानंतर दवाखान्यातल्या एका मावशींनी आम्हाला चहा आणून दिला. मला नको होता. मी दोन कप प्यायले.

पुढचे दिवस मी आत्याजवळ बसून काढले. तिचे हात पलंगाच्या कडेला मऊ पट्टीनं बांधलेले होते, नळी ओढून काढू नये म्हणून. तिनं एवढा सगळा खटाटोप ज्या एका गोष्टीच्या भीतीनं केला होता, तीच मी माझ्या तोंडानं तिच्यावर आणली होती. नर्सना विचारायला मला अर्धा दिवस लागला, पण विचारलं. "मी धरून बसले तर हे सोडता येतील का?"

त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना विचारते." परत आल्या आणि म्हणाल्या, "धरून बसणार असाल तोवर. सुटला हात तर मला बोलणी बसतील."

मग मी धरून बसायचे. बाहेर जायची वेळ झाली की त्या परत बांधायच्या.

तिसऱ्या दिवशी ती सुधारली नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, नाहीच सुधारली तर कसं असतं? त्यांनी ते घाई न करता सांगितलं. आधी त्या स्वतः आणि दोन अनुभवी तज्ज्ञ मिळून तपासतील. त्यांना आशा नाही असं वाटलं तर दुसरं मंडळ बसेल, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असेल. दोन्ही मंडळं एकमताची झाली तर माझी संमती. दंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि मग यंत्र काढायचं. "त्यानंतरही आम्ही त्यांना त्रास होऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "सोडून देणं आणि टाकून देणं यात फरक आहे."

"म्हणजे शेवटी माझं 'हो' लागणार."

"लागणार."

मी परत जाऊन तिचा हात धरला. खडूनं कोरडी झालेली बोटं निवृत्तीनंतरही तशीच राहिली होती. मी मनात "पुरे" हा शब्द म्हणून बघितला. म्हणता आला. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी ऑक्सिजनचे आकडे सुधारले. सातव्या दिवशी नळी काढली. आत्याचा घसा पूर्ण बसला होता. तिनं खुणेनं कागद मागितला आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "मशीन कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले.

काकाला वाचून दाखवलेलं ते वाक्य मी तिलाही सांगितलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं कपाटातली प्रत काढायला लावली, चष्मा लावला आणि ते वाक्य शोधलं.

"हे मी खोडलं होतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हो."

"आणि तू परत घातलंस. मला न सांगता."

"सही करताना तुम्ही वाचायला हवं होतं, आत्या. शिक्षिका ना तुम्ही."

हे माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. तिनं कागद मांडीवर ठेवला. बाहेर काका कुणाला तरी सांगत होता की अक्का भिजल्यामुळंच आजारी पडली.

"आणि न्हाय झालो असतो बरी, तर?" तिनं विचारलं. आता ती चेष्टा करत नव्हती. "तर म्हणाली असतीस?"

"हो."

"लगेच?"

"दोन्ही मंडळं बसल्यावर."

"आणि रडत?"

"ते कागदात लिहिलेलं नाही."

ती हसली आणि हसताना तिला खोकला आला. मग तिनं मला लाल पेन आणायला सांगितलं, समासातलं "लांबड, अनावश्यक" असलेला तो जुना मसुदा शोधून काढला आणि साडेचारावर काट मारली. नवीन आकडा मात्र लिहिला नाही. "बघू," म्हणाली, "अजून परीक्षा व्हायचीय."

त्या रविवारी काकीनं तिच्यासाठी मटणाचं अळणी पाणी करून आणलं, तिखट न घातलेलं, तूप सोडलेलं. आत्या पलंगावर टेकून बसली होती. एक वाटी झाली. काकीनं दुसरी ओतली. आत्या "पुरे" म्हणाली, पण तिचा आवाज अजून आला नव्हता, आणि काकी तर काकाबरोबर इतकी वर्षं राहून फक्त मोठं ऐकायला शिकली आहे. पळी तिसऱ्यांदा वाटीकडे निघाली. आत्याचा अशक्त हात चादरीवरून उचलला गेला आणि परत खाली पडला.

मी उठले आणि तिच्या वाटीवर दोन्ही हात आडवे धरले.

"बास, काकी! पुरे म्हणतायत त्या."

पळी थांबली. काका दारात थांबला. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. माझ्या हाताला खालून वाफ लागत होती. मी वळून आत्याकडे बघितलं. निदान आठ गुणांची तरी अपेक्षा होती.

"आगं, थांब की जरा," आत्या कुजबुजली. "अजून अर्धी वाटी बसली असती."